क्रूझवरचं जेवण: भाड्यात काय येतं, वेगळे पैसे कुठे पडतात, आणि आपल्याकडचे नेहमीचे प्रश्न

सिंगापूरहून निघून पेनांग किंवा फुकेतला जाऊन येणारी तीन-चार रात्रींची क्रूझ आता मराठी घरांत नवलाची राहिलेली नाही. मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीच्या क्रूझने जाऊन आलेलं कुणी ना कुणी तर प्रत्येकाच्या ओळखीत असतं. तरी निघायच्या आधी प्रश्न तेच असतात, आणि दहातले आठ जेवणाबद्दलचे. खालची उत्तरं मुख्यतः रॉयल कॅरिबियनच्या जहाजांना धरून दिली आहेत, कारण सिंगापूरहून आपली माणसं जास्त करून त्यांनी किंवा गेंटिंग ड्रीम या जहाजाने जातात. कॉर्डेलियाचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे. दर आणि वेळा बदलत राहतात, तेव्हा शेवटचा आकडा कंपनीच्या ॲपवरच बघावा.

तिकिटाच्या पैशात नक्की काय काय खाता येतं?

पोट भरण्यासाठी लागतं ते सगळं. रॉयल कॅरिबियनवर मुख्य डायनिंग रूम (टेबलावर बसून, मेनूकार्ड बघून, वेटर वाढणार), विंडजॅमर नावाचा मोठा बुफे, पिझ्झासाठी सोरेंटोज आणि सँडविच-केकसाठी कॅफे प्रोमेनाड, हे सगळं भाड्यात येतं. किती वेळा खाल्लं हे कुणी मोजत नाही. डायनिंग रूममध्ये दोन सूप मागवा, मुख्य पदार्थ आवडला नाही तर दुसरा मागवा, वेटर कपाळाला आठी घालत नाही. फक्त मेनूवर एखाद्या पदार्थापुढे डॉलरचा आकडा छापलेला दिसला, तर तो पदार्थ भाड्यात नाही असं समजावं. महागडा स्टेक किंवा जास्तीचा लॉबस्टर अशा गोष्टींपुढे तो असतो.

कॉर्डेलियावर फूड कोर्ट आणि स्टारलाइट ही दोन ठिकाणं भाड्यात आहेत. शेफ्स टेबलला वेगळे पैसे पडतात.

मग स्पेशालिटी रेस्टॉरंट म्हणजे काय? जेवण भाड्यात असताना वेगळे पैसे का?

ही आजकालची युक्ती नाही. 1905 साली हॅम्बर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या जहाजावर नामवंत हॉटेलवाले रिट्झ यांच्या नावाचं वेगळं रेस्टॉरंट निघालं. तिथे भाड्याबाहेर पैसे मोजून हवं ते मागवता यायचं. टायटॅनिकवरही पहिल्या वर्गाच्या मोठ्या भोजनगृहाखेरीज लुईजी गॅटी चालवत असलेलं असंच एक रेस्टॉरंट होतं, आणि तिथे जेवण्यात प्रतिष्ठा मानली जायची. आजचा हिशेबही फारसा वेगळा नाही. हजारो लोकांना एका वेळी वाढायचं म्हटलं की स्वयंपाक ठरावीक साच्यातच होणार. ज्याला थोडी शांतता, छोटी जागा आणि मागितल्यावर भाजलेला मांसाचा तुकडा हवा, त्याच्याकडून कंपनी वर पैसे घेते.

रॉयल कॅरिबियनवर नेहमी दिसणारी नावं अशी: स्टेकसाठी चॉप्स ग्रिल, इटालियनसाठी जिओव्हानीज किंवा जेमीज इटालियन, जपानीसाठी इझुमी, आणि काही जहाजांवर चमत्कारिक सजावटीचं वंडरलँड. तिथलं मेनूकार्ड कोरं मिळतं, ओला ब्रश फिरवल्यावर अक्षरं उमटतात. मुलांना याची भारी गंमत वाटते. पदार्थ पाहिल्यावर ती कितपत टिकते, ते मुलावर अवलंबून. जेमी ऑलिव्हर या ब्रिटिश शेफच्या ब्रिटनमधल्या रेस्टॉरंटांचा धंदा 2019 च्या मे महिन्यात बुडाला, पण जहाजांवरची त्याच्या नावाची रेस्टॉरंटं पुढेही चालू राहिली.

तीन-चार रात्रींसाठी जातोय. स्पेशालिटी घ्यावं का?

माझं मत स्पष्ट आहे: शाकाहारी असाल तर नको. चॉप्स ग्रिलमध्ये पैसे मोजून मशरूम आणि बटाट्यावर रात्र काढायची आणि वरून बिलाकडे बघायचं, यात मजा नाही. इटालियन रेस्टॉरंट त्यातल्या त्यात बरं, पण तसला पास्ता खाली डायनिंग रूममध्येही मिळतो.

मांसाहारी असाल आणि स्टेक किंवा सुशीची खरी आवड असेल, तर एखाद्या वेळी जरूर जा. तेही पूर्ण दिवस समुद्रात असताना दुपारच्या जेवणाला. चॉप्स ग्रिल अशा दिवशी दुपारी उघडं असतं आणि रात्रीपेक्षा दर बराच कमी असतो, मेनू मात्र जवळपास तोच.

सात रात्री किंवा त्याहून लांबची क्रूझ असेल तर गोष्ट वेगळी. पाचव्या रात्री त्याच हॉलमध्ये, त्याच टेबलावर बसायचा कंटाळा येतो. तेव्हा बदल म्हणून एखादं जेवण बाहेर घेतलं तर पैसे वाया गेले असं वाटत नाही.

पैसे कसे आकारतात?

दोन तऱ्हा आहेत. चॉप्स किंवा जिओव्हानीजसारख्या ठिकाणी कव्हर चार्ज असतो. माणशी ठरावीक रक्कम दिली की सुरुवातीपासून गोडापर्यंत सगळं त्यात. इझुमीसारख्या ठिकाणी सुशी मागवली की प्रत्येक प्लेटचे वेगळे पैसे, आणि तिथे “थोडंसं चाखून बघू” म्हणता म्हणता आकडा फुगतो. दोन्हीकडे वरून 18 टक्के सेवाशुल्क आपोआप लागतं. दारू, कोल्ड्रिंक कव्हर चार्जमध्ये येत नाहीत.

खाण्यापिण्याला रोख पैसे कुठेच चालत नाहीत. केबिनचं कार्ड दाखवायचं, सही करायची, सगळं शेवटच्या बिलात. घरातल्या पोरांच्या हातात कार्ड देताना हे ध्यानात असू द्या.

आधी बुक करावं की जहाजावर गेल्यावर?

आधी. घरून निघण्यापूर्वी कंपनीच्या संकेतस्थळावर दर बहुधा कमी असतो, आणि तो शेअरच्या भावासारखा वरखाली होतो. बुक केल्यावर दर पडलेला दिसला तर जुनं रद्द करून नव्या दराने पुन्हा घेता येतं. निघायच्या आधी असं करायला काही पडत नाही. जहाजावर चढल्यावर मात्र किमान एक दिवस आधी रद्द करावं लागतं. वेळेवर नाही गेलात तर पैसे कापले जातात.

पहिल्या दिवशी रेस्टॉरंटांचे कर्मचारी दारात उभे राहून पॅकेज विकत असतात. अनेक रात्रींच्या पॅकेजमध्ये माणशी दर कमी दिसतो, पण चार रात्रींच्या क्रूझमध्ये तीन रात्री स्पेशालिटीत घालवल्या तर डायनिंग रूम बघणार कधी? पहिल्या रात्रीच जाणार असाल तर मात्र घासाघीस करायला हरकत नाही. त्या दिवशी ही रेस्टॉरंटं रिकामी असतात.

शाकाहाऱ्यांची खरंच सोय होते का, की ब्रेड-बटरवर दिवस काढायचे?

होते, पण तोंड उघडावं लागतं. हे सगळ्यात महत्त्वाचं उत्तर आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

बुफेत भारतीय पदार्थांचा कोपरा असतो: भात, एखादी डाळ, एखादी भाजी, नान किंवा पापड. सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांवर भारतीय प्रवासी इतके असतात की हा कोपरा बराच मोठा असतो. चव एकदम पंजाबी हॉटेलची. वरण-भात, तूप-लिंबू शोधाल तर निराश व्हाल.

खरी सोय डायनिंग रूममध्ये आहे. पहिल्या रात्री तुमच्या वेटरला सांगा की हेड वेटरला भेटायचं आहे. तो टेबलापाशी आला की एकदाच नीट सांगून टाका: आम्ही इतकी माणसं, अंडं चालतं की नाही, कांदा-लसूण चालतो की नाही, तिखट किती. दुसऱ्या दिवसापासून छापील मेनूच्या बाहेरची भारतीय शाकाहारी भाजी-डाळ तुमच्या टेबलावर वेगळी येते, तिचे पैसे पडत नाहीत. रोज रात्री उठताना उद्याचं सांगून ठेवायचं. हे न सांगता तिथे बसून “आमच्यासाठी काहीच नाही” म्हणणारी कुटुंबं दर क्रूझला दिसतात, आणि वाईट वाटतं.

आता जपायचं कुठे ते. “व्हेजिटेरियन” हा शब्द स्वयंपाकघरात जातो तेव्हा अंडं आत येऊ शकतं. त्याशिवाय काही लपलेल्या गोष्टी असतात. मूस, पॅनाकोटा, जेली आणि मार्शमॅलोत बहुधा जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनतं. फ्रेंच कांद्याचं सूप शाकाहारी वाटतं, पण त्याचा रस्सा परंपरेने गोमांसाचा असतो. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही मासा, वूस्टरशर सॉसमध्येही तोच. थाई करीत फिश सॉस, चिनी परतलेल्या भाजीत ऑयस्टर सॉस. पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजलेलं असतं. ज्याचा जसा नियम त्याने तसं विचारावं; वेटरला माहीत नसेल तर तो आत जाऊन विचारून येतो. अंदाजाने उत्तर देऊ नये असंच त्यांना शिकवलेलं असतं.

आम्ही जैन आहोत. आधी कळवावं लागतं का?

हो, बुकिंगच्या वेळीच, आणि मग पहिल्या रात्री हेड वेटरला पुन्हा एकदा. कागदावर लिहिलेलं स्वयंपाकघरात पोचलं असेलच अशा भरवशावर राहू नका. जमीनकंद वर्ज्य म्हणजे बटाटासुद्धा नाही, हे वेगळं सांगावं लागतं, कारण युरोपीय स्वयंपाकात बटाट्याशिवाय ताट हलत नाही. गेंटिंग ड्रीमवर भारतीय शाकाहारी आणि जैन जेवणाकडे लक्ष दिलेलं आहे. कॉर्डेलियावर तर जैन जेवण हा त्यांच्या जाहिरातीचाच भाग आहे, तिथे फार समजावत बसावं लागत नाही.

मध्ये एकादशी किंवा संकष्टी आली तर?

फळं, दूध, दही, उकडलेला किंवा भाजलेला बटाटा, खारवलेले नसलेले दाणे मिळतील. साबुदाण्याची खिचडी आंतरराष्ट्रीय जहाजावर मिळणार नाही आणि केबिनमध्ये करताही येणार नाही. राजगिऱ्याचे सीलबंद लाडू, शेंगदाण्याची चिक्की बरोबर असली की दिवस निघतो.

पोळी मिळेल का?

नान आणि पराठ्यासारखं काहीतरी मिळतं. गरम फुलका विसरा. जहाजावर आगीची धास्ती सगळ्यात मोठी, म्हणून स्वयंपाकघर विजेवर चालतं, उघडी ज्योत नसते. ज्यांना पोळीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, त्यांनी सीलबंद खाकरे घ्यावेत.

जेवणाच्या वेळा आपल्याला झेपतात का? आम्ही नऊच्या आत जेवत नाही.

बुकिंग करताना विचारतात: ठरलेली वेळ हवी की रोज हवी ती. ठरलेल्या वेळेत दोन पंगती असतात, एक साधारण सहाच्या आसपास आणि दुसरी आठच्या आसपास. बहुतेक मराठी कुटुंबांना दुसरी सोयीची. पण लहान मूल किंवा औषध-गोळ्या वेळेवर घेणारे आजोबा असतील तर पहिली बरी. ठरलेल्या वेळेचा फायदा म्हणजे टेबल तेच आणि वेटरही तोच. तिसऱ्या रात्री तुम्ही बसायच्या आत आजींचं कोमट पाणी टेबलावर असतं. आठ-दहा जणांचा घोळका असेल तर बुकिंग एकमेकांना जोडून घ्या, म्हणजे एका टेबलावर बसवतात.

बुफे रात्री साधारण नऊच्या सुमारास बंद होतो. शो बघून अकराला भूक लागली तर पिझ्झा आहेच.

एक फसगत टाळा. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. फुकेतला मोबाइल आपोआप तिथली वेळ दाखवू लागतो, जहाजाची वेळ मात्र बदलतेच असं नाही. जेवण हुकलं तर पिझ्झा मिळेल, जहाज हुकलं तर पंचाईत. किनाऱ्यावर उतरताना जहाजाची वेळ बघून मनगटी घड्याळ लावा.

जेवायला सूट-टाय लागतो का?

नाही. रात्री डायनिंग रूममध्ये बर्मुडा, बनियन, पोहण्याचे कपडे चालत नाहीत, एवढं पाळलं की पुरे. क्रूझमध्ये एखादी ‘फॉर्मल नाइट’ असते. त्या रात्री आपल्या बायका पैठणी नेसून आल्या की निम्मा हॉल वळून बघतो. कुर्ता-पायजमा, नेहरू जॅकेट सगळं चालतं. नटायचा कंटाळा असेल तर त्या रात्री बुफेत जा, तिथे कुणी विचारत नाही.

चहा, पाणी, दारू?

नळाचं आणि यंत्रातलं पाणी, साधा चहा-कॉफी, लिंबाचं सरबत फुकट. बाटलीबंद पाणी, कोल्ड्रिंक, कॅपुचिनोसारखी कॉफी आणि सगळी दारू विकत. चहा म्हणजे गरम पाणी आणि पुडी. उकळलेल्या आल्याच्या चहाची सवय असेल तर प्रीमिक्सच्या पुड्या न्या. गरम पाणी बुफेत दिवसभर मिळतं.

अमर्याद दारूचं पॅकेज घेण्याआधी एक नियम वाचा: रॉयल कॅरिबियनवर एका केबिनमधल्या एका प्रौढाने ते घेतलं तर त्याच केबिनमधल्या इतर प्रौढांनाही घ्यावं लागतं. नवरा पिणारा आणि बायको नाही, अशा जोडप्याला ते क्वचितच परवडतं. सुटे पेग घ्या, स्वस्त पडतं.

घरचा चिवडा-लाडू नेता येतो का?

कारखान्यात सीलबंद झालेली पाकिटं चालतात: भाकरवडी, चिवडा, खाकरा, बिस्किटं. घरी केलेलं आणि नाशवंत अन्न बहुतेक कंपन्यांच्या नियमात बसत नाही. डब्यातले बेसनाचे लाडू कुणी पकडले नाहीत असं सांगणारे भेटतील, पण पकडले तर टाकून द्यावे लागतील हे धरून चला. स्वतःची किटली, इंडक्शन शेगडी, इस्त्री सामानाच्या तपासणीतच काढून घेतात. सिंगापूरमध्ये च्युइंगम नेऊ नका. बंदरातून घेतलेली फळं जहाजावर आणू देत नाहीत, आणि जहाजावरचं सफरचंद पर्समध्ये घालून किनाऱ्यावर उतरणंही बऱ्याच देशांत गुन्हा ठरतं.

खोलीत जेवण मागवता येतं का?

येतं. पण रॉयल कॅरिबियनवर 2017 पासून प्रत्येक ऑर्डरला 7.95 डॉलर आणि वर 18 टक्के लागतात. ब्रेड, फळं, चहा असा साधा नाश्ता मात्र फुकट. रात्री दारावर कार्ड टांगायचं, सकाळी बाल्कनीत चहा. पैसे न देता मिळणाऱ्या चैनीत ही सगळ्यात चांगली.

बुफेवर इतके जण एकाच चमच्याला हात लावतात. पोट बिघडणार नाही ना?

प्रश्न रास्त आहे. नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा विषाणू) जहाजावर झपाट्याने पसरतो, आणि दारात ठेवलेलं सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही. बुफेच्या तोंडाशी बेसिनं असतात, तिथे साबणाने हात धुवा. कंपन्या सावध असतात, कारण अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांची 1975 पासून तिथलं आरोग्य खातं अचानक तपासणी करतं. 100 पैकी 85 किंवा कमी गुण म्हणजे नापास, आणि निकाल जाहीर होतो. जुलाब लागले तर लपवू नका, जहाजावरच्या डॉक्टरांना सांगा.

आणि ताटात डोंगर रचू नका. उरलेलं अन्न बारीक दळलेलं असेल तर किनाऱ्यापासून किमान 3 सागरी मैलांवर, आणि न दळलेलं किमान 12 मैलांवर समुद्रात सोडता येतं, असा सर्वसाधारण आंतरराष्ट्रीय नियम आहे. म्हणजे तुम्ही टाकलेल्या तीन पेस्ट्र्या शेवटी कुठे जातात ते कळलं असेल.

बंदराच्या दिवशी दुपारी जहाजावर जेवायला परत यावं का?

पेनांगला तरी येऊ नका. जॉर्जटाउन हे आशियातल्या रस्त्यावरच्या खाण्याचं मोठं ठिकाण, आणि बंदरावरून जुना भाग चालत गाठता येतो. मांसाहाऱ्यांनी ‘नासी कंदर’ (भात आणि मांसाच्या करी) आणि ‘चार क्वे टिओ’ (परतलेल्या तांदळाच्या चपट्या नूडल्स) चाखल्याशिवाय परतू नये. शाकाहाऱ्यांसाठी तिथल्या लिटल इंडियात केळीच्या पानावर सांबार-भात मिळतो, आणि दोन दिवस पनीर बटर मसाला खाल्लेल्या माणसाला तो अमृतासारखा लागतो. ‘जेवण भाड्यात आहे ना, मग बाहेर कशाला खर्च’ हा हिशेब इथे चुकतो.

मुलांचं काय?

डायनिंग रूममध्ये मुलांचा वेगळा मेनू असतो. स्पेशालिटीत अगदी लहानांना सहसा पैसे पडत नाहीत, बारा वर्षांपर्यंत कमी दर. शेंगदाणा किंवा दुधाची ॲलर्जी असेल तर बुकिंगमध्ये आणि हेड वेटरला, दोन्हीकडे सांगा. अशा मुलाला बुफेवर स्वतःहून वाढून घेऊ देऊ नका, चमचे इकडचे तिकडे होतात.

वेटरला वेगळी टीप द्यायची का?

रोजची टीप माणशी, मुलांसकट, आपोआप बिलात चढते किंवा आधीच भरलेली असते. डायनिंग रूमचा वेटर, त्याचा मदतनीस आणि केबिन साफ करणारा यांचा वाटा त्यात येतो. त्यावर देणं तुमच्या मनावर. ज्याने चार रात्री तुमच्यासाठी आत जाऊन तीनतीनदा विचारून आणलं, त्याच्या हातात शेवटच्या रात्री थोडे डॉलर ठेवावेत, असं मला वाटतं.

त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नाव आणि देश असतो. भारत दिसला तर गाव विचारा. गोव्याची माणसं ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर स्वयंपाकी आणि स्टुअर्ड म्हणून पिढ्यानपिढ्या गेली. मुंबईत त्यांच्या गावोगावच्या ‘कूड’ (गाववाल्यांना राहायची वसतिगृहं) त्यासाठीच उभ्या राहिल्या. आजही क्रूझवर मडगाव-म्हापशाकडची माणसं भेटतात, मुंबई-वसईकडचीही. कोकणी-मराठीत दोन शब्द बोलल्यावर दुसऱ्या दिवशी डाळीत कढीपत्त्याची फोडणी पडली तर आश्चर्य मानू नका.

शेवटच्या दिवशी नाश्ता मिळतो का?

मिळतो, पण लवकर, आणि बुफेवर तोबा गर्दी असते. डायनिंग रूममध्ये बसून खाल्लं तर निवांत होतं, तिथे फारसं कुणी जात नाही. आदल्या रात्रीच ॲपवर किंवा केबिनच्या टीव्हीवर बिल तपासा. न घेतलेली कॉफी, रद्द केलेलं चॉप्सचं टेबल असं काही चढलं असेल तर रात्रीच गेस्ट सर्व्हिसेसला जा. सकाळी त्या काउंटरपुढची रांग लिफ्टपर्यंत येते.